मदत हवी आहे: भावाचं लायपोप्रोटीन-ए खूप वाढलेलं, घरातल्या बाकीच्यांचं काय?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. माझा मोठा भाऊ पिंपळगाव बसवंतला आमची द्राक्षबाग बघतो. गोडी छाटणीच्या धामधुमीत त्याला हार्ट अटॅक आला आणि स्टेंट टाकावा लागला. वय 43. तंबाखू नाही, दारू नाही, साखर नाही, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 112. जो तो म्हणतो, टेन्शन घेतलं असेल. नाशिकच्या हृदयरोगतज्ज्ञांनी मात्र आधी घरची हकिगत विचारली. आमचे वडील 49 व्या वर्षी झोपेतच गेले आणि धाकटे काकाही पन्नाशी गाठू शकले नाहीत, हे ऐकल्यावर त्यांनी लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) तपासायला सांगितलं. दादाचं 96 मिलिग्रॅम निघालं, 50 च्या वर म्हणजे जोखीम जास्त. मग मीही दुसऱ्या लॅबमध्ये तपासलं, तर माझं 182, पण ते नॅनोमोलमध्ये.

मी वाचलं ते असं: हा कण यकृतात तयार होतो. दिसायला एलडीएलसारखाच, पण त्याला एक जादा प्रथिन चिकटलेलं असतं. त्याची पातळी बहुतांशी जन्मतःच ठरते. जेवण, चालणं, वजन यांनी ती फारशी हलत नाही आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीने, म्हणजे स्टॅटिननेही, उतरत नाही. मला हेच सगळ्यात जास्त लागलं, कारण दादा स्वतःलाच दोष देत बसलाय. बागेचं कर्ज, अवकाळी, औषध फवारणी, सगळं तो स्वतःवर ओढून घेतो.

जाणकारांना विचारायचं आहे: दादाचा आकडा जास्त की माझा? भाची 14 वर्षांची आणि भाचा 9 वर्षांचा, त्यांची तपासणी करावी का? वहिनी घाबरल्या आहेत, म्हणतात एवढ्या लहान वयात मुलांच्या मागे हे लावू नका. आणि या प्रथिनावर थेट काम करणारं औषध येतंय म्हणतात, ते कुठवर आलंय? कृपया काढे सुचवू नका, अर्जुनसालीपासून लसणापर्यंत सगळे सल्ले घरी येऊन गेलेत.

गोदाकाठ
ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. दोन्ही आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. मिलिग्रॅममध्ये कणांचं वजन येतं, नॅनोमोलमध्ये कणांची संख्या. त्या जादा प्रथिनाची लांबी माणसागणिक वेगळी असते, त्यामुळे एका ठराविक आकड्याने गुणून चालत नाही. ढोबळमानाने 50 मिलिग्रॅम म्हणजे 125 नॅनोमोलच्या आसपास. म्हणजे तुमचाही वाढलेलाच आहे. इथून पुढे घरातल्या सगळ्यांची तपासणी नॅनोमोलमध्ये आणि एकाच लॅबमध्ये करा. उपाशीपोटी यायची गरज नाही. अंगात ताप असताना मात्र करू नका.

निशिगंध
मी फार्मसी शिकवते. 1963 साली ओस्लोत कोरे बर्ग यांनी हा कण शोधला. 1987 मध्ये कळलं की त्याचं जादा प्रथिन प्लाझमिनोजेनशी मिळतंजुळतं आहे. प्लाझमिनोजेन रक्ताच्या गुठळ्या विरघळवायला मदत करतं, आणि हे प्रथिन त्याच कामात अडथळा आणत असावं असा अंदाज आहे. शिवाय हा कण ऑक्सिडाइझ झालेली फॉस्फोलिपिडं (एक प्रकारची चरबी) वाहून नेतो, त्यामुळे रक्तवाहिनीच्या भिंतीला सूज येते. महाधमनीची झडपही त्याने कडक होऊ शकते, म्हणून दादांच्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडपेबद्दल काय लिहिलंय ते मुद्दाम विचारा.

औषधाचं म्हणाल, तर पेलाकार्सेन महिन्याला एकदा टोचतात. ते यकृतात हे प्रथिन बनवायचा संदेशच अडवतं. 2020 साली आलेल्या निकालात पातळी 80 टक्क्यांपर्यंत उतरली होती. ओल्पासिरान या दुसऱ्या औषधाने तर 95 टक्क्यांहून जास्त. पण आकडा उतरला म्हणजे अटॅक टळला असं नाही. नायसिन (व्हिटॅमिन बी3) हे जुनं औषधसुद्धा ही पातळी उतरवतं, आणि तरीही मोठ्या चाचण्यांत त्याने अटॅक कमी झाले नाहीत. म्हणूनच पेलाकार्सेनची हजारो हृदयरुग्णांवरची चाचणी 2019 मध्ये सुरू झाली.

त्या औषधाची वाट बघत आजची गोळी ढिली पडू देऊ नका, माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे. स्टॅटिनने हे प्रथिन उतरत नाही म्हणून दादा ती बंद करतील, याचीच मला जास्त भीती वाटते. स्टेंटनंतर एलडीएल 55 च्या खाली ठेवावं असं युरोपच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, 112 त्यापासून फार लांब आहे. हा मुद्दा पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे नक्की काढा.

मुलांचं: आईवडिलांपैकी एकाकडून हे आलं असेल, तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता साधारण निम्मी. पाचेक वर्षांपर्यंत पातळी स्थिरावते, म्हणजे एकदाच तपासलं की पुरतं. वहिनींना सांगा, आकडा वाढलेला निघाला तरी लगेच औषध सुरू होत नाही. सिगारेटपासून दूर राहणं, वजन आणि रक्तदाबावर लक्ष ठेवणं, एवढं लवकर हाती येतं.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. वहिनींना हा धागा वाचून दाखवला, भाचीची तपासणी करायला त्या तयार झाल्या आहेत. दादाने गोळी खरंच आठवडाभर सोडली होती, कालपासून पुन्हा सुरू केली. आता सिन्नरच्या आत्या राहिल्या. त्यांना 61 व्या वर्षी दम लागतो, आणि त्या नाशिकला यायला अजिबात तयार नाहीत. सिन्नरला घरी येऊन नमुना घेणारं, नॅनोमोलमध्ये रिपोर्ट देणारं कुणी माहीत आहे का? आणि त्यांचा इको आधी करावा की ही तपासणी?