उ: आय-४८५ प्रलंबित असताना वाहन परवाना

स्थायी निवासाचा (ग्रीन कार्डचा) अर्ज, म्हणजे आय-४८५, प्रलंबित असेपर्यंत अमेरिकेत वाहन परवाना मिळतच नाही, असे या चर्चेत एका सदस्याने लिहिले आहे, ते बरोबर नाही. परवाने व ओळखपत्रांचे निकष ठरवणाऱ्या २००५ च्या रिअल आयडी या केंद्रीय कायद्यात आय-४८५ किंवा आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेल्यांचा स्पष्ट उल्लेख असून, त्यांना अधिकृत वास्तव्याच्या मुदतीइतका, आणि तशी निश्चित मुदत नसल्यास एक वर्षाचा, तात्पुरता परवाना देता येतो.

खरी अडचण कायद्यात नसून पडताळणीत आहे. परवाना कार्यालयात खिडकीवरील कर्मचारी आपली माहिती ‘सेव्ह’ या, परदेशी व्यक्तींचा वास्तव्याचा दर्जा पडताळणाऱ्या केंद्रीय प्रणालीत भरतो आणि तिथून तत्काळ होकार आला नाही, तर प्रकरण पुढील तपासणीसाठी जाते. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा पडताळणीचा क्रमांक मागून घ्यावा, कारण त्यावरून ‘सेव्ह’च्याच ‘केसचेक’ या ऑनलाइन सुविधेवर स्थिती घरबसल्या पाहता येते. पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) आणि अर्जाची पोच यांवरील नाव तंतोतंत सारखे आहे ना, हे आधीच तपासावे. वडिलांचे नाव मधे लिहिण्याच्या आपल्या पद्धतीमुळे इथे हमखास घोळ होतो.

कॅलिफोर्नियात जानेवारी २०१५ पासून कायदेशीर वास्तव्याचा पुरावा न देताही परवाना मिळतो, मात्र तो विमानप्रवासासाठी ओळखपत्र म्हणून चालत नाही.