दुपारी चढणारं व्होल्टेज
कुणीतरी विचारलंय की छतावरच्या सोलरने लोड (विजेची मागणी) कमीच होतो, मग वितरणवाल्यांना अडचण काय. लोड कमी होतो हे बरोबरच, पण एकाच ट्रान्सफॉर्मरवर बऱ्याच घरांनी पॅनल लावले की भर दुपारी वीज उलटी, घरांकडून ट्रान्सफॉर्मरकडे वाहायला लागते आणि लाइनच्या टोकाला, जिथे संध्याकाळी व्होल्टेज पडायचं, तिथेच ते चढतं. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेर पडणारं व्होल्टेज कमीजास्त करायची सोय) संध्याकाळच्या हिशोबाने वर ठेवलेला, तो सहसा सप्लाय बंद केल्याशिवाय बदलता येत नाही, मग २३० व्होल्टच्या जागी २५० च्या पुढे गेलं की सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र) ट्रिप होऊन सोलर बंद, तेही ऐन उन्हात! आणि नुकसान टोकाच्या घराचं, ट्रान्सफॉर्मरजवळच्याला काहीच नाही, हे मला फार खुपतं. त्यात सगळे सिंगल फेजवाले (ज्यांच्या घरी लाइनच्या तीन फेजपैकी एकच येते) एकाच फेजवर आले तर विचारूच नका.

दक्षिण ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०२० पासून नवीन सोलर लांबून बंद करता येईल अशीच बसवायची सक्ती झाली आणि मार्च २०२१ मध्ये ते वापरावंही लागलं. आता तिथे नेटवर्कमध्ये जागा असेल तशी एक्स्पोर्टची (घरातून लाइनवर वीज सोडण्याची) मर्यादा कमीजास्त करतात. आपल्याकडे छतावरच्या सोलरला अनुदान देणारी सूर्यघर योजना जोरात आहे, तर कनेक्शन देतानाच निदान फेज नीट वाटा आणि टॅप तपासा, त्याला फार खर्च येत नाही.