प्लेअरनं नवा स्पेल मागितला, तर डीएमनं द्यावा का?

संथकृष्णा, विश्रामबाग (सांगली)
आमचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन गोष्ट खेळायचा खेळ २०१४ च्या पुस्तकांवर खेळतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा डंजन मास्टर. पुढच्या भागात नदीला पूर येणार आहे. ऑगस्ट २०१९ आपण सगळ्यांनी पाहिलाय, तोच डोक्यात ठेवून लिहिलंय. आमची ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) पाचव्या लेव्हलवर आहे आणि तिला पुराचं पाणी वळवणारा स्पेल, म्हणजे जादूचा मंत्र, हवाय. स्पेलची लेव्हल पात्राच्या लेव्हलपेक्षा वेगळी मोजतात. पुस्तकातला 'कंट्रोल वॉटर' हा चौथ्या लेव्हलचा स्पेल, म्हणजे तिचं पात्र सातव्या लेव्हलला गेलं की मिळणार. तोवर गाव वाहून गेलेलं असेल.

माझं मत, द्यावा. मूळ स्पेल १०० फुटांच्या घनातलं पाणी १० मिनिटं हलवतो. मी तो ३० फुटांवर आणून तिसऱ्या लेव्हलला बसवतोय, कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला लागणारी एकाग्रता) तसंच. शिवाय वळवलेलं पाणी कुणाच्या शेतात जाणार, हे तिनं आधी सांगायचं.

गावभागकर
मला अजिबात पटलेलं नाही. तुमच्या टेबलावर फायटर आहे ना? तो काय मागणार? स्पेलवाल्यांकडं आधीच पुस्तकभर पर्याय असतात, त्यात मागेल तसा नवा मिळायला लागला की तलवारवाला नुसता बघत बसतो.

आणि पूर म्हणजे खाली फक्त पाणी नसतं हो. गुरांचं दावं सोडायचं की नाही, आजीला आधी काढायचं की धान्याची पोती, हे निर्णय असतात. सांगलीची पोरं ते खेळणार असतील, तर एका स्पेलच्या फटक्यात ते पुसू नका.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)
पुस्तकातलं मोजमाप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. डंजन मास्टर्स गाइडमध्ये नवा स्पेल बनवण्यासाठी तक्ता आहे. अनेकांना लागणाऱ्या तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलला त्यात डॅमेजसाठी, म्हणजे किती इजा होते त्यासाठी, सहा बाजूंचे ६ फासे दिलेत. त्याच लेव्हलचा 'फायरबॉल' ८ फासे टाकतो. लेखकांनीच जाणूनबुजून जास्त दिलंय.

पण तो तक्ता फक्त डॅमेज मोजतो, आणि खरा त्रास डॅमेजचा नसतोच. 'गुडबेरी' बघा. पहिल्या लेव्हलचा स्पेल, १० बोरं, एका बोरावर माणसाचा दिवस निघतो. दुष्काळाची गोष्ट लिहिली असेल तर ती तिथंच संपली. म्हणून मी मागणी आली की एवढंच बघतो, की हा स्पेल कुठली अडचण कायमची मिटवतो. मिटवत असेल तर नाही. वेळ काढून देत असेल तर बिनधास्त द्या.

संथकृष्णा
हेच म्हणतोय. १० मिनिटांत गल्लीतली माणसं निघतील, पूर थांबणार नाही. कॉन्सन्ट्रेशन तुटलं की पाणी परत येणार, आणि ते तुटू नये म्हणून तिच्यापुढं उभा राहणार फायटरच.

गावभागकर
म्हणजे फायटर तिचा पहारेकरी. ही त्याची गोष्ट झाली का? स्पेल देताय तर त्यालाही त्याच पुरात काहीतरी द्या. नावाड्यांची टोळी त्याचं ऐकते, बंधारा कुठं फुटणार हे त्याला कळतं, असं काहीही. तेही आधी लिहून ठेवा, ऐनवेळी सुचेल म्हणू नका. हे होणार नसेल तर माझा विरोध कायम.

संथकृष्णा
नावाड्यांचं घेतो. रविवारी सत्राआधी दोघांना एकत्र बसवून विचारतो. स्पेलही आधी दोन सत्रांसाठीच देतोय. जड वाटला तर घन आणखी लहान करीन, हे तिला आत्ताच सांगून ठेवलंय.