जिताडा आणि चोणक: मासा एकच का?

रंकाळेकर: काल एका खानावळीच्या फळ्यावर ‘चोणक फ्राय’ लिहिलेलं. विचारलं, तर वाढपी म्हणाला, “जिताडाच की ओ!” सोबत पेणचे पाहुणे होते, ते ऐकायलाच तयार नाहीत. जिताडा म्हणजे त्यांच्याच खारपाटातला, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला, बाकी सगळे तोतये! दोन्ही नावं एकाच माशाची का? आणि ‘जिताडाचं कालवण’ की ‘जिताड्याचं’?

घाटाखालचा: मासा एकच. रायगडात जिताडा, सिंधुदुर्ग-गोव्यात चोणक, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी. शास्त्रीय नाव लेटिस कॅल्करिफर. पाहुण्यांचा अभिमान मात्र अगदीच फुकाचा नाही. हा मासा खाऱ्या, मचूळ आणि गोड्या, तिन्ही पाण्यांत राहतो. अंडी घालायला खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्याकडे येतो. पण गोडं पाणीही चालतं, त्यामुळे अलिबाग-पेणकडे शेततळ्यांतही तो वाढवतात. तिकडे जिताडा भेट पाठवणं म्हणजे मोठा मान. अडलेली कामंसुद्धा हलतात म्हणे!

आणखी एक गंमत. बहुतेक जिताडे आधी नर असतात, काही वर्षांनी मादी होतात. म्हणजे भला थोरला ‘तो जिताडा’ बहुधा ‘ती’च असते. व्याकरणवाल्यांनी बघून घ्यावं.

शुद्धलेखनवाला: घोडा-घोड्याचा, तसं जिताडा-जिताड्याचं. अनेकवचन जिताडे. ‘जिताडाचं’ कानाला खटकतं.

पंचगंगाकाठचा: आम्ही नदीवर मरळीला गळ टाकणारी माणसं. मालवणला गेलो तर तिथं ‘गरवायला चला’ म्हणतात. गळाला ते गरी म्हणतात. चोणक गरीला लागला की पाण्याबाहेर उसळी मारून डोकं असं झटकतो, की दोरी जरा ढिली पडली तर गरी सुटलीच. भावा, नाद खुळा!

रंकाळेकर: बरं, बाजारात ओळखायचा कसा? परवा एकानं रावस म्हणून दाखवला.

घाटाखालचा: शेपूट बघा. रावसाची दुभंगलेली, जिताड्याची गोल पंख्यासारखी. रावसाला छातीच्या पराखाली सुटे दोरे लोंबतात, याला नसतात. कपाळाला खोलगट उतार आणि जबडा डोळ्याच्याही मागपर्यंत गेलेला. आणि फळ्यावर ‘भेटकी’ दिसली तर आधी अख्खा मासा दाखवायला सांगा. त्या नावाखाली बासा या दुसऱ्याच माशाचे बिनकातडीचे पांढरे तुकडे सर्रास खपवतात.