मारुती रोडच्या दुकानात गेमिंग कन्सोल ठेवलेत, विक्री कशी वाढवू?

दुकानवाली_सांगली

नमस्कार. मारुती रोडला आमचं टीव्ही, मिक्सर, गिझरचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता काउंटर मी बघते. दिवाळीच्या आधी हट्टानं एक काचेचं कपाट कन्सोलसाठी रिकामं करून घेतलं. त्यात प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एस हे टीव्हीला जोडून गेम खेळायचे कन्सोल, थोडे जादा कंट्रोलर (हातात धरून खेळायचे) आणि गेमच्या डिस्क असा माल आहे.

दिवाळीत बऱ्यापैकी गेला. आता गिऱ्हाईक येतं, बॉक्सचा फोटो काढतं, "ऑनलाइन बघतो" म्हणतं आणि जातं. डिस्कवाला प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा ४९,९९० ला होता, नंतर ५४,९९० झाला. आकडा एवढा मोठा, पण आम्हाला सुटतं ते फ्रीजपेक्षाही कमी. मी माझ्या खिशातून हजार रुपये सोडले तर त्या विक्रीत काही उरतच नाही.

सासरे म्हणतात कपाट परत मिक्सरला द्या. मला ते करायचं नाही. घरी रात्री जेवणं झाली की मी, हे आणि धाकटे दीर तासभर खेळतो, सासूबाई शेजारी बसून गाड्यांची शर्यत बघतात. आमच्या घराला या वस्तूनं एकत्र बसवलंय, म्हणून ती विकावीशी वाटते. आणि सांगलीच्या माणसाला चांगला कन्सोल घ्यायला पुण्याला जावं लागू नये, असंही मनापासून वाटतं.

राम मंदिर चौकात फ्लेक्स लावू? रीलवाल्या मुलांना पैसे देऊ? की एखाद्या गेमसोबत पॅकेज करून विकू? ज्यांनी हा माल विकलाय किंवा घेतलाय त्यांनी सांगा.

कॉलेज_कॉर्नर

ताई, फ्लेक्सवर एक रुपया घालू नका. त्या चौकात वाढदिवसाचे एवढे फ्लेक्स असतात की तुमचा कुणाला दिसणारच नाही.

मी विश्रामबागला रूम करून राहतो. आमच्याकडं एकटा कुणी कन्सोल घेत नाही, चौघं वर्गणी काढून घेतात. त्यामुळं आमचा पहिला प्रश्न दुसरा कंट्रोलर कितीला हाच असतो. पॅकेज करायचं तर त्यात दुसरा कंट्रोलर घाला. हेडफोन, स्टँड, बॅग असलं न खपणारं सामान त्यात कोंबू नका. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं हेच केलं होतं. एक्सबॉक्स वनसोबत किनेक्ट कॅमेरा घ्यायलाच लागायचा, किंमत ४९९ डॉलर. सोनीचा प्लेस्टेशन ४ आला ३९९ ला. शेवटी २०१४ मध्ये त्यांनी किनेक्ट काढून किंमत ३९९ वर आणली, तोवर पोरं तिकडं गेलेली.

आणि दोघांनी मिळून खेळायचे गेम ठेवा. इट टेक्स टू असा आहे की तो एकट्यानं खेळताच येत नाही, आणि दोघांपैकी एकानं विकत घेतला तरी दुसरा ऑनलाइन फुकट खेळतो. असलं काही काउंटरवर कुणी सांगतच नाही.

मिरजकर_काका

ताई, नव्वदीत मिरजेत आमचं कॅसेटचं दुकान होतं. पुढं वितरकाकडं सेल्सला लागलो आणि कराड, तासगाव, जत सगळं पायाखाली घातलं. तुमचं कपाट मिक्सरला जाऊ नये म्हणून सविस्तर लिहितो.

तेव्हा टीव्ही गेम यायचे, कॅसेट घालून खेळायचे. मारिओ, कॉन्ट्रा. वडीलमंडळींची एकच भीती असायची, या गेमनं टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते. आम्ही दुकानातल्या टीव्हीला सकाळी गेम लावायचो तो रात्री शटर ओढताना बंद करायचो. "हाच टीव्ही वर्षभर चाललाय, बघा" एवढं म्हटलं की बोलणं पुढं सरकायचं. किमतीची घासाघीस त्यानंतर. आमच्या भागात या वस्तूचा हट्ट पोराचा, खिसा बापाचा आणि शेवटचा शब्द आईचा असतो. तुमचं कपाट फक्त पोराशी बोलतंय. आई दुकानात येते तेव्हा तिला काचेआड एक पांढरा डबा आणि पंचावन्न हजारांचा आकडा दिसतो. ती कशाला हो म्हणेल?

मोठ्या कंपन्यांनाही हेच करायला लागलंय. अमेरिकेत १९८३ मध्ये व्हिडिओ गेमचा बाजार बसला, दुकानदारांकडं मालाचे ढीग पडले, गेमवाल्याला कुणी दारात उभं करीना. १९८५ मध्ये जपानची गेम कंपनी निन्टेंडो न्यूयॉर्कला उतरली तेव्हा तिनं यंत्राच्या नावात 'व्हिडिओ गेम' ठेवलंच नाही, 'एंटरटेनमेंट सिस्टिम' म्हटलं. सोबत छोटा रोबो दिला, म्हणजे दुकानदार ते खेळण्यांच्या फळीवर ठेवेल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे न खपलेला माल परत घेऊ असा शब्द दिला. हे तुम्ही तुमच्या वितरकाकडं मागा. पूर्ण परतावा देणार नाहीत, पण डेमोसाठी एक यंत्र किंवा पडून राहिलेल्या डिस्क बदलून द्या म्हणून बसून बोला. मी त्या बाजूला बसलेलो आहे. जो दुकानदार डेमो लावतो म्हणायचा त्याला आम्ही आधी माल द्यायचो.

मग निन्टेंडोचाच २००६ चा वी हा कन्सोल बघा. ताकदीत प्लेस्टेशन ३ च्या जवळपास नव्हता. पण अमेरिकेत २५० डॉलरला मिळायचा आणि डब्यातच वी स्पोर्ट्स हा गेम. हात हलवला की चेंडू जातो, आजीलाही शिकवायला लागत नाही. जगभर दहा कोटींच्या वर गेले. प्लेस्टेशन २ सोळा कोटींपर्यंत गेला, त्यामागं चांगले गेम तर होतेच, पण तो डीव्हीडीही चालवायचा. घरात "सिनेमाही बघता येईल" म्हणायला सोय झाली. सोनीनं २००९ मध्ये त्याच यंत्रासाठी भारतात बनलेला हनुमानाचा गेमसुद्धा आणला. मी तो पालकांना नुसता दाखवायचो. घेतला नाही तरी आई खुर्चीवर बसायची, आणि आई बसली की अर्धं काम झालं.

डब्यात कुठला गेम आहे यावरही फार अवलंबून असतं. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलला अमेरिकेत जेनेसिस म्हणायचे. त्यासोबत आधी अल्टर्ड बीस्ट नावाचा मारामारीचा गेम यायचा. १९९१ मध्ये तिथले प्रमुख टॉम कॅलिन्स्की यांनी तो काढून सॉनिक हा गेम घातला आणि यंत्राची किंमतही उतरवली. आपला सगळ्यात चांगला गेम फुकट द्यायचा, हे जपानच्या मुख्यालयाला पटलं नव्हतं. पण त्या निळ्या सॉनिकसाठीच लोक यंत्र घेऊन गेले.

आता तुमच्या दुकानाचं. दारातून दिसेल असा एक टीव्ही लावा, समोर दोन खुर्च्या, दोन कंट्रोलर. गोळीबाराचा गेम चालू ठेवू नका. प्लेस्टेशन ५ मध्ये ॲस्ट्रोज प्लेरूम हा गेम आधीपासून भरलेला येतो, वेगळा पैसा नाही. त्यात वाळूवरून चाललं की वाळू हाताला जाणवते. ते फोटोत दिसत नाही आणि ऑनलाइन कुणी हातात देत नाही, तुम्ही देऊ शकता. दुसरा क्रिकेटचा ठेवा. वडील नुसते बघायला थांबले तरी "एक ओव्हर टाका की" म्हणा.

ऑनलाइनशी किमतीत भांडू नका, हरालच. जे ते देऊ शकत नाहीत ते द्या. गेम आता शंभर जीबीच्या पुढं जातात. कवठेमहांकाळच्या वाडीवर ते डाउनलोड व्हायला दोन-दोन रात्री जातात. तुम्ही दुकानातल्या फायबरवर यंत्र चालू करून, अपडेट घालून, खातं काढून द्या. लाइट मध्येच गेली की प्लेस्टेशन पुढच्या वेळी आधी स्टोरेज दुरुस्त करत बसतो. म्हणून गावाकडच्या गिऱ्हाइकाला छोटा यूपीएस सुचवा. त्यात तुम्हालाही चार पैसे सुटतात आणि त्याचंही यंत्र वाचतं. विकायचा तो डिस्कवालाच विका. डिजिटलवाला, म्हणजे डिस्कशिवायचा, गेम नेटवरून घ्यायचा कन्सोल नेलेला माणूस पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. डिस्कवाला जुनी डिस्क देऊन, वर थोडे पैसे घालून दुसरी न्यायला येतो. मार्जिन डिस्क आणि कंट्रोलरमध्येच आहे, कन्सोलमध्ये कधीच नव्हतं.

हंगामाचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. द्राक्षाचा पैसा फेब्रुवारी ते एप्रिल, पण तेव्हाच दहावी-बारावीची परीक्षा. त्या दोन महिन्यांत पोरांना उद्देशून जाहिरात केली तर पालक दुकानावर राग धरतील. ती जाहिरात नवीन लग्न झालेल्यांसाठी, कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्यांसाठी ठेवा. निकाल लागले की मग शाळकरी पोरांचे दिवस. तोवर बेदाण्याचेही पैसे हातात येतात.

विश्रामबागची_आई

काकांनी आईबद्दल लिहिलंय म्हणून लिहिते. माझा मुलगा नववीत आहे. मी एका दुकानात विचारायला गेले होते, सांगलीतलंच, नाव घेत नाही. तिथल्या मुलानं मला ग्राफिक्स, फ्रेम, टेराबाइट सगळं सांगितलं. "हा किती वेळ खेळतो ते मला ठरवता येईल का?" याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मी परत आले.

नंतर भावानं दाखवलं. मुलाचं वेगळं खातं काढायचं, रोज किती वेळ ते ठरवायचं, वयानुसार गेम बंद ठेवायचे, आणि खर्चाची मर्यादा शून्य ठेवली की त्याच्या खात्यावरून एक रुपया जात नाही. हे मला दुकानात पाच मिनिटांत दाखवलं असतं तर मी त्याच दिवशी घेतला असता.

आमची दुसरी भीती पैशांच्या गेमची. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, तेव्हापासून घरात 'गेम' म्हटलं की सासऱ्यांना रमी आणि कर्जच आठवतं. त्यांना समजावून सांगावं लागलं की हे ते नव्हे. इथे दिवाणखान्यातल्या टीव्हीवर सगळ्यांसमोर खेळतात. मोबाइल घेऊन पांघरुणात बसण्यापेक्षा मला हे कितीतरी बरं वाटतं.

ताई, एका कागदावर साध्या मराठीत एवढं छापा आणि काउंटरवर ठेवा. त्यावर सवलतीची जाहिरात नको. आणि खात्याचा पिन पालकांच्या हातानं टाकून घ्या, मुलाला बाजूला उभं करून.

विट्याचा_गलाईवाला

मी तमिळनाडूत असतो, गलाईच्या धंद्यात. आमच्या खानापूर-आटपाडी भागातले हजारो लोक असे देशभर सोन्या-चांदीच्या कामाला आहेत. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला येतो तेव्हा भावाच्या पोरांना काहीतरी मोठं न्यायचं असतं, पण हातात चारच दिवस असतात. व्हॉट्सॲपवर आधी बुकिंग घ्या. खातं काढून, गेम भरून तयार ठेवलात तर विट्याहून गाडी घेऊन येऊ.

बिल पक्कं द्या. बाहेरून आणलेला निन्टेंडोचा स्विच कन्सोल आम्हाला तिकडं कुणीही देतो, वॉरंटीचं विचारलं की गप्प बसतो. पक्क्या बिलासाठी मी हजारभर जास्त देईन.

दुकानवाली_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांना काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. पिक्चर ट्यूबचं ऐकून ते म्हणाले, आमच्याकडेही लोक हेच विचारायचे. ४३ इंची डेमो टीव्ही दाराकडे तोंड करून लावायला तयार झालेत. मराठी कागद मी आज रात्री लिहायला घेते, विश्रामबागच्या ताईंना छापायच्या आधी दाखवेन.

दोन शंका आहेत. डेमोवर पोरं तासन्‌तास बसली तर वेळेचे पैसे घ्यावेत का? आणि कंपनीनं मध्येच किंमत उतरवली, तर आठवड्यापूर्वी पूर्ण किमतीला नेलेल्या माणसाला काय तोंड दाखवू?

मिरजकर_काका

पैसे घेऊ नका. घेतलेत की ते गेम पार्लर होतं आणि आया दुकानात पाय ठेवणार नाहीत. एका पोराला एक शर्यत, मग पुढचा. शाळेच्या वेळेत डेमो बंद ठेवा आणि तशी पाटी लावा, पालक ती पाटी बरोबर वाचतात.

किमतीचं म्हणाल तर २०११ मध्ये निन्टेंडोवर हीच वेळ आली होती. ३डीएस हा हातात धरून खेळायचा कन्सोल बाजारात आणून सहा महिनेही झाले नव्हते आणि अमेरिकेत किंमत २५० वरून १७० डॉलर करावी लागली. ज्यांनी आधी घेतला होता त्यांना कंपनीनं वीस जुने गेम फुकट दिले. तुम्ही वीस देऊ नका. मागच्या पंधरा दिवसांतली बिलं काढा आणि त्यांनी विचारायच्या आत तुम्ही फोन करा. कंट्रोलरवर सूट द्या किंवा एक वापरलेली डिस्क द्या. त्याचे पैसे वितरकाकडं 'प्राइस प्रोटेक्शन', म्हणजे किंमत उतरल्याची भरपाई म्हणून मागता येतात का, ते माल उचलायच्या आधी लेखी विचारून ठेवा.