माल आमचा, मत बँकांचं: हे बरोबर आहे का?

कुपवाडचा बॉक्सवाला: एमआयडीसीत माझं कॉरुगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे. पुण्याकडची एक कंपनी दिवाळखोरी कायद्याखाली एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात गेली, माझे २३ लाख अडकले. माल देणाऱ्यांनी येणं मागायचा फॉर्म बी भरला, दावा मंजूर झाल्याची मेल आली, घरी पेढे आणायचेच बाकी होते! मग कळलं, मंजूर म्हणजे नुसतं यादीत नाव. कंपनी कुणाला द्यायची, कुणाचे किती बुडवायचे हे कमिटी ऑफ क्रेडिटर्स, म्हणजे कर्जदात्यांची समिती ठरवणार. तिथं मत फक्त कर्ज देणाऱ्यांना, ६६ टक्के पडली की कंपनी सोडवायचा प्लॅन पास. माल देणाऱ्या सगळ्यांची येणी मिळून एकूण कर्जाच्या १० टक्के भरली तर आमचा माणूस मीटिंगला बसतो, तोही बिनमताचा. त्या बिलांवरचा जीएसटी मात्र मी कधीच भरलाय. आम्हाला मत पाहिजे.

निवृत्त बँकवाला, सातारा: राग समजतो, मागणी पटत नाही. तुमचं येणं ९० दिवसांचं, बँकेचं दहा-दहा वर्षांचं. कंपनी पुन्हा उभी राहील का, हे तपासायची यंत्रणा बँकेकडे असते. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्विस रिबन्स निकालात हा भेद योग्यच ठरवला. शिवाय मत रकमेवर मोजतात. समजा कर्ज ९०० कोटी, तर तुमचे २३ लाख म्हणजे पाव टक्क्याचा दहावा हिस्सा.

कुपवाडचा बॉक्सवाला: साहेब, यंत्रणा एवढी चोख होती तर ते कर्ज बुडलं कसं? आणि बुडालेल्या बिल्डरकडं फ्लॅट घेणाऱ्यांना २०१८ मध्ये दिलंच की मत. तेही किरकोळच, पण त्यांचा एक प्रतिनिधी सगळ्यांच्या वतीनं मत टाकतो. तसंच आमचं करा.

ऊसवाला, वाळवा: आमचंही तेच हो. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, १४ दिवसांत नाही आली तर आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचा आदेश निघतो, साखर जप्त होते. पण खाजगी कारखाना एनसीएलटीत गेला की मोरॅटोरियम, वसुली जागच्या जागी थांबली. सहकारीला हा कायदाच लागत नाही, तिथली रड वेगळी.

मिरजेचा सीए: मतावरून भांडताय, मेख दिवाळखोरी कायद्याच्या कलम ३० मध्ये आहे. कंपनी मोडीत काढली असती तर जेवढं मिळालं असतं, किंवा प्लॅनचे पैसे त्याच रांगेनं वाटले असते तर जेवढं आलं असतं, त्यातलं जास्त ते माल देणाऱ्याला किमान द्यायचं. आता रांग बघा: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचा २४ महिन्यांचा पगार आणि तारणवाल्या बँका, पुढं बाकीचे कर्मचारी, बिनतारण कर्जवाले, सरकार. तुम्ही त्याच्याही मागं. तिथवर येईपर्यंत भांडं बहुतेक रिकामं. मत मिळालं तरी ही रांग बदलत नाही. किमान टक्का कायद्यात बांधून मागा.

निवृत्त बँकवाला, सातारा: तो टक्का बँकेच्याच वाट्यातून जाणार, म्हणजे ठेवीदारांच्या. त्यापेक्षा बॉक्सवाले भाऊ, निम्मे आगाऊ घेत चला.

कुपवाडचा बॉक्सवाला: मागितले होते गेल्या महिन्यात एकाकडं. ऑर्डर शेजारच्या गाळ्यात गेली.