मदत हवी आहे : क्रेफिशमध्ये सापडलेले दोन पांढरे खडे कसले?

प्रयोगवही : मुलीला क्रेफिशच्या (गोड्या पाण्यातल्या, कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्याच्या) अंतर्रचनेची आकृती उद्याच शाळेत द्यायची आहे. शिरोवक्षावरचे (डोके व छाती मिळून झालेल्या भागावरचे) कवच काढल्यावर हृदय, कल्ले आणि पिवळसर पाचकग्रंथी ओळखू आली. परंतु पुढच्या भागात सदऱ्याच्या गुंडीएवढे दोन पांढरे, कडक खडे निघाले, जे एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने चपटे आहेत. पुस्तकातल्या आकृतीत ते नाहीत. कृपया लवकर सांगावे.

नदीकाठ : प्राणी ताजा होता की फॉर्मॅलिनमधला, आणि खडे नेमके कशाला चिकटलेले होते, हे कळल्याशिवाय काय सांगणार? नर होता की मादी?

प्रयोगवही : आम्ही अमेरिकेतल्या लुइझियानात राहतो, बाजारातून जिवंत आणलेला लाल क्रेफिश बर्फात गारठवून मग उघडला. खडे जठराच्या दोन्ही अंगांना, भिंतीतच होते. नर की मादी याचा इथे काय संबंध?

कोळंबीप्रेमी : स्पृशांच्या (डोक्यावरच्या लांब मिशांच्या) बुडाशी असलेल्या या हरितग्रंथी, म्हणजे उत्सर्जनाचे अवयव होत. बी.एस्सी.ला आम्ही कोळंबीत त्याच पाहिल्या होत्या.

जुनी प्रयोगशाळा : हरितग्रंथी मऊ असते आणि जठराच्या भिंतीत नसते, त्यामुळे हे उत्तर मला मान्य नाही. कोळंबीवरून क्रेफिश ओळखायला गेल्यास फसगत होते : कोळंबीच्या हृदयाला ५ जोड्या छिद्रे असतात, क्रेफिशच्या हृदयाला ३; कोळंबीच्या जठरात दात नसतात, क्रेफिशच्या जठरात मात्र अन्न दळणारे ३ कठीण दात असतात.

कोळंबीप्रेमी : मग ते दातच असणार.

जुनी प्रयोगशाळा : दात जठराच्या आत, एकमेकांवर घासतील असे असतात. हे जठराश्म, म्हणजे जठराच्या भिंतीत साठलेले चुन्याचे खडे आहेत. कात टाकण्यापूर्वी क्रेफिश जुन्या कवचातला चुना काढून घेऊन त्याचा काही भाग इथे साठवतो. कात पडल्यावर खडे जठरात विरघळतात आणि तोच चुना नवे कवच कडक करायला लागतो. गोड्या पाण्यात चुना कमी असल्याने ही साठवण फार मोलाची असते. युरोपात पूर्वी हे खडे ‘खेकड्याचे डोळे’ या नावाने औषधात वापरत. एक खडा व्हिनेगरमध्ये टाकून पाहा, चुन्याचा असेल तर बुडबुडे येतील; आणि कवचाखाली मऊ कातडे होते का, तेही सांगा.

नदीकाठ : तरीही सांगतो : पोटाखालच्या पायांच्या पहिल्या दोन जोड्या ताठ आणि पुढे वळलेल्या असतील तर नर; मादीची जननछिद्रे तिसऱ्या चलनपादांच्या (चालण्याच्या पायांच्या) बुडाशी असतात.

प्रयोगवही : व्हिनेगरमध्ये टाकताच खड्याभोवती बारीक बुडबुड्यांची रांग उठली. जुन्या कवचाखाली ओलसर, कागदासारखे मऊ नवे कवचही आहे, जे आम्ही नुसता पापुद्रा समजून फाडत होतो! आकृतीत खडे कुठे दाखवावेत?

जुनी प्रयोगशाळा : जठराच्या पुढच्या, मोठ्या कप्प्याच्या भिंतीत डावी-उजवीकडे एकेक दाखवा आणि बाजूला ‘कात टाकण्यापूर्वीची अवस्था’ असे लिहा, कारण एरवी उघडलेल्या क्रेफिशमध्ये ते दिसणार नाहीत.